कुकडीकाठचा शंकर आणि माझे कान

काचेच्या एवढ्याशा खोलीत बसवून, कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून ती मुलगी म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबायचं." मी दाबत गेलो. पुढेपुढे आवाजच येईना, तेव्हा काचेपलीकडे तिचा हात हलला की मी बटण दाबायला लागलो. तिने ते ओळखलं आणि खुर्ची फिरवून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. बासष्टाव्या वर्षी कॉपी करताना पकडला गेलो, घ्या!

निकाल असा की ट्रकचा हॉर्न, दारावरची थाप, शेजाऱ्यांचं भांडण हे सगळं शाबूत. गेलंय ते वरच्या पट्टीतलं, बारीक, किणकिणतं. उभा जन्म चिंचवडच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काढला, धाडधाड पत्रे कापणाऱ्या मशीनशेजारी. त्याची ही बिदागी. "यंत्र लावून बोलणं छान ऐकू येईल," मुलगी म्हणाली. "आणि पक्षी?" मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भलत्याच दुकानात शिरलोय.

ज्यांना पक्षी बघायचा नाद आहे त्यांना सांगायला नको, पक्षी आधी ऐकायचा असतो. डोळे नंतर कामाला लागतात. आणि थंडीत उत्तरेकडून जे चिमुकले गाणारे पाहुणे येतात त्यांचा सगळा कारभारच बारीक आवाजात. त्यातला माझा लाडका म्हणजे शंकर. चिमणीएवढा, मातकट, पण नराचा गळा निळाभोर, मधोमध तांबडा ठिपका. हिवाळाभर हा लव्हाळ्यात चोरासारखा राहतो. मार्चमध्ये परतीची वेळ आली की मात्र पहाटे एखाद्या काडीवर चढून हळू आवाजात रियाज करतो. गावी जाऊन बायको मिळवायची असते ना! तो रियाज मी दरवर्षी ऐकत आलो. गेल्या वर्षी ऐकू आला नाही. मी स्वतःला सांगितलं, यंदा पक्षी कमी आहेत. आता काचेच्या खोलीनंतर ती पळवाट बंद झाली. म्हटलं, या मार्चमध्ये एकदा जाऊन लावूच निकाल. ऐकू आला तर आला, नाही तर आपलं हे दुकान बंद.

बायको, मंदा, म्हणाली, "जा. पण ऐकू नाही आलं तर तिथेच रुसून बसू नका, घरी या."

पुण्याहून नारायणगावकडे जाणाऱ्या कुठल्याही एसटीने मंचरला उतरता येतं. तिथून घोडेगावला दर थोड्या वेळाने काही ना काही मिळतं, एसटी नाही तर वडापची जीप. महिलांना अर्धं तिकीट, पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं, आम्ही मधले पूर्ण पैसे मोजून उभे. खेडच्या अलीकडे ट्रॅफिकने जीव नकोसा केला. घोडेगावात उतरलो तोवर पाठीचा पार भुगा झाला होता. तालुक्याचं गाव असल्यामुळे राहायची सोय होते. खोली साधी, चादर स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने, भाडं आठशे. संध्याकाळी घोड नदीच्या पुलाजवळ गेलो. धोबी पक्षी शेपट्या हलवत चिखलात फिरत होते, वीटभट्टीजवळच्या ढिगाऱ्यावर थिरथिऱ्या थरथरत होता. दोन्ही दिसले. दोन्ही मुके. पुलावरून ट्रॅक्टर जातोय म्हणून असेल, असं म्हणून मी परत फिरलो. पिठलं-भाकरी खाल्ली आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी आहुपे. खरं तर नदीकाठ सोडून इतक्या वर जायचं कारण नव्हतं. पण तिथल्या देवराईत गाडीचा आवाज नाही, मोटारीचा नाही, तेव्हा कानांची परीक्षा तिथे चोख होईल असा माझा हिशोब. घोडेगावहून सकाळची एसटी पकडावी. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत, डोंगर चढत दोन-अडीच तास सहज जातात. रस्ता बरा, वळणं भयंकर, खिडकीची जागा धरा आणि पोट हलकं ठेवा. कंडक्टरने गळ्यातली दुर्बीण पाहून विचारलं, "कशाचा सर्व्हे हाय, साहेब?"

"सर्व्हे नाही, पाखरं बघायला चाललोय."

"तिकीट काढून?" त्याने इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की मलाही क्षणभर प्रश्न पडला.

देवराईत पानांचा जाड थर, वर अंधारी सावली, देवाला वाहिलेली म्हणून कुणी फांदीही न तोडलेली झाडं. एका वाळक्या फांदीवर लाल कंठाची माशीमार बसली होती. हीसुद्धा लांबची पाहुणी. शेपटी वर उडवायची आणि दरवेळी बारीक 'टिर्रर्र' करायचं ही हिची सवय. शेपटी उडत होती. मी श्वास धरून उभा. पुन्हा उडाली, पुन्हा. टिर्रर्र काही आलं नाही. माझ्या मनात आलं, आज गप्प असेल. आपण स्वतःला किती म्हणून फसवतो! गावात एका घरी नाचणीची भाकरी आणि वाल मिळाले, सांगितलं तर करून देतात. दुपारच्या गाडीने खाली आलो तेव्हा गुडघे बोलत होते, आणि ते मात्र मला स्पष्ट ऐकू येत होते.

तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवलं. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, तिथून राजुरी. आळेफाट्याला मासवडी खाऊन घ्या. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बाजूला झणझणीत रस्सा. या सगळ्या पायपिटीत तेवढं एक ताट मला बिनतक्रार आवडलं. राजुरीत माझा जुना सोबती गुलाब मला घ्यायला आला होता. आम्ही एकाच शॉपमध्ये होतो. तोही अर्धा बहिरा, पण त्याला त्याचं सोयरसुतक नाही. निवृत्त झाल्यावर गावी येऊन ऊस आणि कांदा करतो. त्याची वस्ती गावापासून बरीच लांब, कुकडी नदीच्या अंगाला. वस्तीवरून उसाच्या कडेकडेने पायवाट नदीपर्यंत जाते आणि मग काठाने, लव्हाळ्यांमधून, लांबवर. अशी वाट मी स्वप्नात मागितली असती.

"तू येशील ना बरोबर?" मी गुलाबला विचारलं.

"माझा गुडघा कामातून गेलाय, राव. सिंधू येईल. तिला तसंबी मोटर चालू कराया जावंच लागतं."

सिंधूवहिनी, म्हणजे गुलाबची बायको, चुलीपुढूनच म्हणाल्या, "येते की, भाऊजी. फटफटलं की निघू."

निघालो. आणि वस्तीचं फाटक ओलांडताच वहिनींनी मोबाईलवर भजन लावलं, पूर्ण आवाजात. हातात काठी, तिला घुंगरं बांधलेली. ती दर पावलाला जमिनीवर आपटायची. भजन, घुंगरं, आणि त्यावर वहिनींचं बोलणं. कांद्याचा भाव, सुनेचं बाळंतपण, शेजारच्या तुकारामाने बांध कसा कोरला. मधूनच उसाकडे तोंड करून मोठ्याने, "चाललोय रं बाबा आमी, तू बस तुझ्या जाग्याला!"

"वहिनी, कुणाशी बोलताय?"

"वाघाशी."

जुन्नर-आंबेगावात बिबट्याला वाघच म्हणतात. उसात त्याचा संसार असतो. पिलं उसातच होतात, उसातच मोठी होतात. त्याला माणूस अचानक समोर आलेला खपत नाही, म्हणून आपण येतोय हे त्याला आधी कळवायचं. इथली रीत सरळ आहे. उसाच्या कडेनं गप चालायचं नसतं, वाकायचं नसतं आणि एकट्याने जायचं नसतं. आणि मी पुण्याहून आलो होतो तो गप चालायला, वाकून बसायला आणि एकटा राहायला.

त्या सकाळी नदीवर एक पक्षी धड दिसला नाही. लव्हाळ्यात काहीतरी सुर्रकन शिरायचं, की वर भजन. मोटर चालू झाली, पाणी चारीला लागलं, आम्ही परतलो. मी फणफणलो होतो. जेवताना हळूच म्हणालो, "वहिनी, उद्या तेवढा मोबाईल बंद ठेवला तर?"

"न्हाई जमायचं, भाऊजी." रागावून नाही, भाकरी वाढावी तसं सहज म्हणाल्या. "औंदा संक्रांतीला आमच्या दारातली कालवड नेली त्यानं. वन खात्यानं पिंजरा लावलाय, तो हाय तसाच रिकामा. तुमी पावणं. तुमास्नी काय झालं तर मंदावैनीला मी काय तोंड दाखवू?"

मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. एक सकाळ उरली होती. शंकर निघायच्या बेतात. पुढच्या वर्षी कानांचं काय झालेलं असेल देव जाणे. ऐकायचं तर उद्याच. सांगायला लाज वाटते, पण मी ठरवलं की कुणाला न सांगता निघायचं.

तुम्ही हे करू नका. ब्लॉग वाचून कुणी तिकडे गेलात तर सोबतीशिवाय आणि आवाजाशिवाय उसाकडेने पाऊल टाकू नका, एवढं हात जोडून सांगतो. मी टाकलं. पूर्वेला जरा पांढुरकं झालं होतं. उसाची पानं सळसळत होती, ती खालच्या पट्टीत असल्याने माझ्या कानांत नीट शिरत होती, आणि प्रत्येक सळसळीला मी थबकून उसाकडे वळत होतो. नदीवर पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. इथे काठाला काळा सपाट खडक आहे, तिन्ही बाजूंनी मोकळा, ऊस बराच मागे. त्यावर बसलो. समोर पाणी, पाण्यात लव्हाळ्यांचं बेट.

फार वाट पाहावी लागली नाही. उजेड तांबूस झाला आणि तो वर आला. एका वाळक्या काडीवर, मला तोंड करून. निळा गळा, मधला तांबडा ठिपका, सगळं इतकं लख्ख की दुर्बिणीची गरज नव्हती. त्याने मान वर केली. चोच उघडली. गळा फुगला आणि थरथरू लागला, शेपटी पंख्यासारखी पसरली. तो गात होता. जीव तोडून गात होता. आणि माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

मी तळहात कानांमागे धरले. मान तिरकी केली. डोळे मिटले, उघडले. पाण्याची गुळगुळ येत होती, लांब कुठेतरी दुधाची मोटरसायकल चाललेली कळत होती. समोरचा गळा मात्र थरथरतोय आणि आवाज नाही. टीव्हीचा आवाज घालवून गाण्याचा कार्यक्रम बघावा तसं. मला रडू आलं. सरळ सांगतो, खडकावर बसून मी रडलो. मरण्याचं एवढं दुःख वाटत नाही, पण हे असं हप्त्याहप्त्याने जाणं फार वाईट.

तेवढ्यात मागून गदारोळ उठला. ताटं, घमेली, तेलाचे डबे, कुत्री, आरडाओरडा. "ओ पावणं! ओ पाव-णं!" मी अंथरुणात नाही हे पाहून वहिनींनी चार वस्त्या उठवल्या होत्या. हातातली ताटं बडवत बायाबापड्या, बाप्ये, लंगडत गुलाब, अशी फौजच उसाकडेने नदीवर आली. तो आवाज मला अगदी खणखणीत ऐकू आला, काय सांगू! शंकर लव्हाळ्यात गडप. काठावरच्या टिटव्या, धोबी, सगळे उडाले.

वहिनी पुढे होत्या. मला धडधाकट पाहून त्यांचा चेहरा आधी सैलावला आणि मग जी तोफ सुटली! "म्हातारपणी अक्कल गहाण टाकली का काय? उसातनं ओढून नेलं असतं तर गोळा कराया कोण व्हतं? येवढी कशाची घाई लागली व्हती पाखराची?"

मी म्हणालो, "वहिनी, मला ऐकू येत नाही."

"आँ?"

"बारीक आवाज ऐकू येत नाही. तो समोर बसून गात होता. शेवटचा ऐकावा म्हणून आलो होतो. नाही आला." हे मंदालासुद्धा मी इतकं सरळ बोललो नव्हतो. दहा-पंधरा लोकांसमोर बोललो.

 गुलाबने खाली पाहिलं. मग वहिनींनी हातातलं ताट एका बाईकडे दिलं आणि म्हणाल्या, "तुमी जावा समदी. वाजवत जावा. मी बसते हितं भाऊजींसंगं. खडक मोकळा हाय, कुणी आलं तर दिसंल."

मंडळी ताटं वाजवत गेली. वहिनी माझ्या शेजारी खडकावर टेकल्या. मोबाईल काढला, बंद केला, काठी घुंगरं वाजू नयेत अशी हलकेच आडवी ठेवली. ज्या बाईचं तोंड मी आल्यापासून मिटलेलं पाहिलं नव्हतं ती ओठ आवळून बसली. मी म्हणालो, "आता येणार नाही तो." त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

पण आला. ऊन खडकावर पोचलं होतं तेव्हा तीच काडी, तोच गळा. मी बोटाने दाखवला. वहिनींनी डोळे बारीक केले आणि एकदम माझं मनगट धरलं.

"आला आवाज?" मी कुजबुजलो.

"येतोय की!" त्याही कुजबुजल्या. "अगं बाई. केवढंसं हाय ते, आन् काय काय बोलतंय!"

"काय बोलतोय? सांगा."

"आधी... रातकिडा व्हतो. किरकिर, किरकिर. मग पाण्यात खडा टाकल्यावानी, टुबुक. आता शिट्टी. लई बारीक, लांबनं पोरीनं घातलेली. आता... थांबा, थांबा. पुन्यांदा रातकिडा. आता आपल्या टिटवीला येडावून दाखवतोय बगा!" वहिनी तोंडावर पदर धरून हसल्या.

बरोबर होतं. शंकर नकला करतो. वहिनींच्या वर्णनात सूर नव्हता, ताल नव्हता, मधेच दोन गोष्टी सुटतही असतील. पण मी समोरच्या गळ्याकडे बघत होतो आणि कानात त्यांची कुजबुज येत होती, आणि जुना रियाज हळूहळू जाग्यावर बसत गेला. तो इथे थांबतो, इथे वळण घेतो. मला आठवत होतं सगळं.

तो उडून गेल्यावर वहिनींनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "लगीन होऊन आल्यापास्नं हितं येतीये, भाऊजी. रोज. पन कदी गप बसलेच न्हाई." उठल्या, मोबाईल चालू केला, भजन लावलं, आणि आम्ही घुंगरं वाजवत वस्तीवर आलो. मोटर चालू करायची राहिलीच. त्यावरून गुलाबने दोघांनाही सुनावलं.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. आळेफाट्याहून एसटी मिळाली, मंचरपर्यंत उभा, पुढे बसायला जागा. घरी पोचलो तेव्हा अंगात कणकण होती आणि पायांत गोळे. मंदाने विचारलं, "आला का ऐकू?" मी नाही म्हणालो. पुढचं सगळंही सांगितलं, वहिनींच्या तोफेसकट. तिने कढत पाण्याची बादली काढून दिली.

दुकान बंद करायचं म्हणून गेलो होतो. आता थकवा ओसरल्यावर हिशोब करायला बसलो तर काय म्हणावं कळत नाही. कान गेले ते गेले. यंत्र घेतलंय, माणसं बरी ऐकू येतात, कधीकधी नको तेवढी. पाखरांचं अजून काही खरं नाही. पाच दिवस हाडं खिळखिळी करून मी काय आणलं असं कुणी विचारलं तर मला धड उत्तर देता येत नव्हतं, म्हणून हा मजकूर अर्धवट ठेवला होता.

काल सकाळी वहिनींचा फोन आला. मागे भजन नाही, काही नाही.

"भाऊजी, तुमचं पाखरू गेलं बगा."

"कशावरून?"

"दोन दीस झालं, आवाज न्हाई. काल वाटलं, उशीर झाला आपल्याला. म्हून आज लवकर येऊन बसले. टिटव्या हायेत, धोबी हायेत, त्यो न्हाई."

मी विचारलं, "वहिनी, तुम्ही रोज बसता तिथे? गप्प?"

"उसाकडंनं वाजवतच येते की. खडकावर आलं की बंद करते." मग म्हणाल्या, "सुनं सुनं वाटतं, भाऊजी. परत कवा येतो त्यो?"

"दिवाळीच्या आगेमागे येतो. पण गाणार पुन्हा मार्चमध्येच."

"मग मार्चात या तुमी. मी सांगत जाईन काय म्हणतो ते."